नातवंडांचे कॉलेज आणि आजी-आजोबांचे ५२९ खाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत १९६५ नंतरच्या दशकांत आलेल्या मराठी पिढीतील अनेक जण आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांची नातवंडे कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांपैकी बऱ्याच आजी-आजोबांनी नातवंडांच्या नावे ५२९ खाती उघडलेली असतात. पण पैसे काढायची वेळ आली की कॉलेज, करखाते आणि घरातली दोन कुटुंबे यांचा मेळ घालताना गोंधळ उडतो. पुढील उत्तरे अमेरिकेतील संघीय नियमांना धरून आहेत आणि जेथे राज्यागणिक फरक पडतो, तेथे तसे सांगितले आहे.

५२९ खाते म्हणजे काय, आणि ते आजी-आजोबांच्या नावावर आहे म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या महसूल संहितेतील ५२९ व्या कलमावरून हे नाव पडले. ते कलम १९९६ साली आले. खात्यात भरलेल्या रकमेवर संघीय आयकरात वजावट मिळत नाही. मात्र गुंतवणुकीवर होणारी वाढ शिक्षणाच्या मान्य खर्चासाठी काढल्यास तिच्यावर कर लागत नाही. प्रत्येक खात्याला एक मालक आणि एक लाभार्थी असतो. आजोबा मालक आणि नात लाभार्थी असेल, तर गुंतवणूक कशात करायची, पैसे कधी काढायचे, लाभार्थी बदलायचा का, हे सर्व आजोबाच ठरवतात. नात अठरा वर्षांची झाली म्हणून खाते तिच्या ताब्यात जात नाही. गरज पडल्यास आजोबा ते पैसे स्वतःसाठीही परत घेऊ शकतात; तसे केल्यास वाढीच्या भागावर आयकर आणि १० टक्के दंड द्यावा लागतो.

आजी-आजोबांच्या खात्यामुळे नातवाला कॉलेजसाठी मिळणारे आर्थिक साहाय्य कमी होते, असे अनेक जण सांगतात. ते खरे आहे का?

हे पूर्वी खरे होते. संघीय साहाय्यापुरते आता ते खरे राहिलेले नाही. तरीही जुना समज इतका घट्ट बसला आहे की केवळ त्या भीतीपोटी अनेक आजी-आजोबा खाते उघडत नाहीत, किंवा उघडलेल्या खात्याला हात लावत नाहीत, आणि तिकडे नातवंड मात्र कर्ज काढते. म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

संघीय साहाय्यासाठी विद्यार्थी फाफ्सा हा अर्ज भरतो. आजी-आजोबांच्या मालकीचे खाते त्या अर्जात मालमत्ता म्हणून पूर्वीही दाखवावे लागत नव्हते. अडचण पैसे काढल्यावर येत असे. आजीच्या खात्यातून एखाद्या वर्षी २०,००० डॉलर कॉलेजला गेले, तर ती रक्कम विद्यार्थ्याचे करमुक्त उत्पन्न मानली जाई, आणि विद्यार्थ्याच्या उत्पन्नाचा निम्म्यापर्यंतचा भाग शिक्षणासाठी उपलब्ध आहे असे सूत्र धरत असल्याने पुढील साहाय्य १०,००० डॉलरपर्यंत घटू शकत असे. आई-वडिलांच्या खात्याची गणना मात्र कितीतरी सौम्य होती आणि आजही आहे: ते पालकांची मालमत्ता धरले जाते आणि तिचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग हिशेबात येतो, म्हणजे ५०,००० डॉलर शिल्लक असल्यास फार तर २,८२० डॉलर.

डिसेंबर २०२० मध्ये फाफ्सा सोपा करणारा कायदा संमत झाला आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाच्या अर्जापासून तो अमलात आला. उत्पन्नाची माहिती आता मुख्यतः करखात्याकडून थेट घेतली जाते, आणि विद्यार्थ्याच्या वतीने इतर कोणी किती पैसे दिले, हा प्रश्नच अर्जातून काढून टाकला आहे. त्यामुळे आजी-आजोबांचे खाते मालमत्ता म्हणूनही मोजले जात नाही आणि त्यातून काढलेली रक्कम विद्यार्थ्याचे उत्पन्न म्हणूनही मोजली जात नाही. संघीय सूत्रापुरते पाहिले, तर आजोबांच्या नावावरचे खाते आज वडिलांच्या नावावरच्या खात्यापेक्षाही सोयीचे ठरते.

मग 'आजी-आजोबांचे पैसे शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवा' हा सल्ला पाळण्याची गरज आहे का?

संघीय साहाय्यासाठी नाही. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहतो, त्यामुळे उशिरा काढलेली रक्कम कोणत्याच अर्जात येत नसे. तो सल्ला त्या जुन्या सूत्रावर आधारलेला होता. आता पहिल्या सत्रापासून पैसे वापरता येतात. उलट, दोन्ही खाती असतील तर आई-वडिलांचे आधी वापरायचे की आजी-आजोबांचे, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. साहाय्य मिळण्याची शक्यता असलेल्या कुटुंबाने आई-वडिलांचे खाते आधी रिकामे करणे सहसा हिताचे असते, कारण हिशेबात तेच धरले जाते.

खासगी कॉलेजांनाही हेच नियम लागू आहेत का?

सर्वच खासगी कॉलेजांना नाहीत. अनेक नामवंत खासगी विद्यापीठे स्वतःच्या निधीतून साहाय्य देताना फाफ्साखेरीज कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागतात. त्यात इतर नातेवाइकांकडून होणाऱ्या मदतीविषयी विचारणा होऊ शकते आणि त्या माहितीचे काय करायचे, हे प्रत्येक कॉलेज आपापल्या धोरणानुसार ठरवते. विचारलेली माहिती लपवू नये. नातवंडाने निवडलेल्या प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला आधीच लेखी विचारावे: 'आजी-आजोबांच्या मालकीच्या ५२९ खात्यातून दिलेली रक्कम आपण उत्पन्न धरता का, आणि ती दरवर्षी साहाय्यातून वजा होते का?' उत्तर 'हो' आल्यास पैसे उशिरा काढण्याचा जुना मार्ग त्या कॉलेजपुरता विचारात घ्यावा.

कोणकोणता खर्च या खात्यातून करमुक्तपणे भागवता येतो?

ट्यूशन (शिक्षणसंस्थेचे शिक्षणशुल्क), अनिवार्य फी, पुस्तके, अभ्यासक्रमाला लागणारे साहित्य, विद्यार्थी शिकत असताना वापरत असलेला संगणक आणि इंटरनेट हे मान्य खर्च आहेत. विद्यार्थी किमान अर्धवेळ शिकत असेल तर राहण्या-जेवणाचा खर्चही चालतो. प्रवास, विमानाची तिकिटे, गाडीचा खर्च, फोनचे बिल आणि आरोग्य विमा हे मात्र चालत नाहीत.

कॉलेजच्या पोर्टलवर येणारे सत्राचे बिल एकदा ओळीओळीने वाचावे, असा आमचा आग्रह आहे. त्यात ट्यूशन, टेक्नॉलॉजी फी, वसतिगृह आणि मील प्लॅन यांच्या ओळींत विद्यार्थी आरोग्य विम्याची आणि पार्किंग परमिटची ओळही बसलेली असते. आजोबा तळाची एकूण रक्कम पाहून तेवढीच खात्यातून पाठवतात, आणि विम्याचे व पार्किंगचे पैसे अमान्य खर्चात जमा होतात. या दोन ओळी आई-वडिलांनी स्वतंत्रपणे भराव्यात.

विद्यार्थी कॅम्पसबाहेर भाड्याने राहत असेल, तर मर्यादा लक्षात ठेवावी. कॉलेज दरवर्षी 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स', म्हणजे तेथे शिकण्याचा वर्षाचा अंदाजे एकूण खर्च, जाहीर करते आणि त्यात राहण्या-जेवणाचा ठरावीक आकडा असतो. तो १२,००० डॉलर असेल आणि मुलाचे भाडे व किराणा मिळून १४,५०० झाले, तर १२,००० पर्यंतच खर्च मान्य होतो. भाड्याचा करार आणि किराण्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पैसे काढताना त्या कोणी मागत नाही, परंतु करखात्याने विचारल्यास त्याच दाखवाव्या लागतात.

शालेय ट्यूशनसाठीही हे खाते वापरता येते. २०२५ पर्यंत त्याची मर्यादा वर्षाला १०,००० डॉलर होती, २०२६ पासून ती २०,००० झाली आहे. कॉलेज हे मुख्य उद्दिष्ट असेल तर शाळेसाठी खाते रिते करू नये असे आम्हाला वाटते, कारण वाढीला वेळ मिळणे हाच या खात्याचा खरा फायदा आहे.

पैसे कोणाच्या नावाने आणि कधी काढावेत?

पैसे थेट कॉलेजला, विद्यार्थ्याला किंवा खातेमालकाला देता येतात. कॉलेजला किंवा विद्यार्थ्याला दिल्यास १०९९-क्यू हा काढलेल्या रकमेची माहिती करखात्याला देणारा फॉर्म विद्यार्थ्याच्या नावाने निघतो; आजोबांनी स्वतःच्या बँक खात्यात पैसे घेतले तर तो आजोबांच्या नावाने निघतो. मान्य खर्चापेक्षा चुकून जास्त रक्कम निघाल्यास विद्यार्थ्याच्या नावावरचा कर सहसा कमी बसतो, म्हणून पहिले दोन मार्ग बरे.

खर्च आणि पैसे काढणे एकाच कॅलेंडर वर्षात झाले पाहिजे. शैक्षणिक वर्ष येथे उपयोगाचे नाही. वसंत सत्राचे बिल डिसेंबरमध्ये येते. ते वडिलांनी डिसेंबरमध्ये क्रेडिट कार्डाने भरले आणि आजोबांनी जानेवारीत पैसे काढून परत दिले, तर खर्च एका वर्षी आणि रक्कम दुसऱ्या वर्षी अशी विसंगती उभी राहते. गुंतवणूक विकून पैसे हातात येण्यास काही दिवस लागतात, हेही मुदतीआधी धरून चालावे. नातवंडाने एखादा विषय सोडल्यामुळे कॉलेजने पैसे परत केले, तर ते ६० दिवसांच्या आत पुन्हा ५२९ खात्यात भरल्यास कर लागत नाही.

आजी-आजोबांनी सर्व बिल भरले, तर आई-वडिलांची करसवलत जाते का?

जाऊ शकते, आणि दोन घरांत बोलणे न झाल्यामुळे होणारे सर्वांत नेहमीचे नुकसान हेच आहे. आई-वडिलांना अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट ही सवलत मिळू शकते: ट्यूशन, फी आणि पुस्तकांच्या पहिल्या २,००० डॉलरवर पूर्ण आणि पुढील २,००० वर २५ टक्के, म्हणजे दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, तेही चार वर्षे. ही थेट करातून वजा होणारी रक्कम आहे. परंतु ज्या खर्चासाठी ५२९ मधून करमुक्त पैसे काढले, त्याच खर्चावर ही सवलत घेता येत नाही.

समजा, वर्षाची ट्यूशन व फी ११,००० डॉलर, राहणे-जेवण १३,००० आणि पुस्तके ९०० आहेत. एकूण मान्य खर्च २४,९०० झाला. विद्यार्थ्याला ट्यूशनसाठी ५,००० डॉलरची करमुक्त शिष्यवृत्ती मिळाली, ती वजा केली. ट्यूशनपैकी ४,००० डॉलर सवलतीसाठी बाजूला ठेवून ते आई-वडिलांनी इतर पैशांतून भरले. मग आजोबांनी त्या वर्षी खात्यातून जास्तीत जास्त १५,९०० डॉलर काढावेत. आजोबांनी १९,९०० काढले असते, तर आई-वडिलांची सवलत गेली असती किंवा जादा ४,००० मधील वाढीच्या भागावर आयकर लागला असता.

संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या पालकांचे उत्पन्न १,६०,००० डॉलरपर्यंत असल्यास ही सवलत पूर्ण मिळते आणि १,८०,००० ला ती संपते. नवरा-बायको दोघेही चांगल्या नोकरीत असलेली अनेक मराठी कुटुंबे या मर्यादेच्या वर असतात. त्यांना हे ४,००० बाजूला ठेवण्याचे कारण नाही. जे मर्यादेत बसतात, त्यांनी दर ऑगस्टमध्ये एका कागदावर कोण काय भरणार हे लिहून दोन्ही घरांत ठेवावे.

एका वेळी किती रक्कम भरता येते?

खात्यात भरलेली रक्कम नातवंडाला दिलेली भेट मानली जाते. भेटकराची वार्षिक सूट २०२५ आणि २०२६ साठी दर देणाऱ्यामागे, दर नातवंडामागे १९,००० डॉलर आहे. ५२९ खात्यासाठी खास तरतूद अशी की पाच वर्षांची सूट एकदम वापरता येते: एका व्यक्तीला ९५,००० आणि आजी-आजोबा दोघे मिळून १,९०,००० डॉलर. त्यासाठी फॉर्म ७०९ हे भेटकराचे विवरणपत्र भरावे लागते, आणि त्या पाच वर्षांत त्याच नातवंडाला दुसरी भेट दिल्यास ती सुटीच्या बाहेर मोजली जाते. देणारी व्यक्ती पाच वर्षांच्या आत वारली, तर उरलेल्या वर्षांचा भाग तिच्या इस्टेटीत (मागे राहिलेल्या मालमत्तेत) परत धरला जातो.

खात्यातून देण्याऐवजी आजोबांनी थेट कॉलेजला चेक दिला तर?

तो मार्ग चांगला आहे आणि त्याचा विसर पडू नये. शिक्षणसंस्थेला थेट दिलेली ट्यूशन भेटकराच्या दृष्टीने भेटच मानली जात नाही, मग रक्कम कितीही असो. हे केवळ ट्यूशनला लागू आहे. वसतिगृह, जेवण आणि पुस्तके त्यात येत नाहीत. म्हणून ज्यांची ऐपत मोठी आहे, ते ट्यूशन चेकने आणि राहणे-जेवण ५२९ मधून देतात. चेक नातवाच्या नावाने लिहिला तर ही सूट मिळत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या साहाय्यातून चेकची रक्कम वजा होईल का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

राज्याच्या आयकरात आजी-आजोबांना काही वजावट मिळते का?

ते राज्यावर अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये राज्याच्याच योजनेत भरलेल्या रकमेवर संयुक्त विवरणपत्रात १०,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. पेनसिल्व्हेनिया कोणत्याही राज्याच्या योजनेसाठी वजावट देते. कॅलिफोर्नियात वजावट नाही, आणि टेक्सास व फ्लोरिडात वैयक्तिक आयकरच नाही. व्हर्जिनियाची तरतूद आजी-आजोबांसाठी विशेष उपयोगी आहे: एरवी दर खात्यामागे वर्षाला ४,००० डॉलरची मर्यादा असते, पण सत्तरी गाठलेल्या मालकाला ती लागू होत नाही. वजावट घेतल्यानंतर खाते दुसऱ्या राज्याच्या योजनेत हलवल्यास काही राज्ये ती वसूल करतात.

शिष्यवृत्ती मिळाली किंवा पैसे उरले तर?

शिष्यवृत्तीच्या रकमेइतके पैसे काढल्यास १० टक्के दंड माफ होतो. वाढीवर आयकर लागतो. त्याहून बरे म्हणजे लाभार्थी बदलणे. भाऊ-बहीण, इतकेच नव्हे तर चुलत-मावस-आते-मामे भावंडेही चालतात, त्यामुळे मोठ्या नातीचे उरलेले पैसे दुसऱ्या मुलाच्या मुलासाठी वापरता येतात. शैक्षणिक कर्जाच्या फेडीसाठी दर विद्यार्थ्याला आयुष्यभरात १०,००० डॉलरपर्यंत वापर मान्य आहे. शिवाय २०२४ पासून लाभार्थ्याच्या रॉथ आयआरए या निवृत्तिखात्यामध्ये आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत रक्कम हलवता येते. खाते किमान १५ वर्षे जुने हवे, शेवटच्या पाच वर्षांत भरलेले पैसे चालत नाहीत, आणि दरवर्षी रॉथच्या वार्षिक मर्यादेतच रक्कम हलवता येते. त्या वर्षी लाभार्थ्याचे स्वतःचे कमाईचे उत्पन्नही असावे लागते.

आजारपण आले आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च पडला, तर हे खाते सुरक्षित राहते का?

नाही, आणि हा मुद्दा नातवंडांच्या प्रेमात मागे पडतो. नर्सिंग होमसाठी मेडिकेड (कमी उत्पन्न व मालमत्ता असणाऱ्यांसाठीची सरकारी आरोग्य मदत) घेण्याची वेळ आली, तर बहुतेक राज्यांत आजी-आजोबांच्या मालकीचे ५२९ खाते त्यांचीच मालमत्ता धरले जाते आणि पात्रतेआधी ते खर्च करावे लागू शकते. मागील पाच वर्षांत दिलेल्या भेटीही बहुतेक ठिकाणी तपासल्या जातात. म्हणून स्वतःच्या म्हातारपणाची आणि आजारपणाची सोय झाल्यानंतर जे उरते, तेवढेच या खात्यात टाकावे. नातवंडाला कॉलेजसाठी कर्ज मिळू शकते. म्हातारपणासाठी तसे कर्ज मिळत नाही.

खातेमालक वारल्यास काय होते?

उत्तराधिकारी मालकाचे नाव नोंदवलेले असल्यास खाते त्याच्याकडे जाते आणि व्यवहार चालू राहतो. नाव नसेल तर योजनेच्या नियमांनुसार खाते कुठे जायचे ते ठरते, आणि नेमके सत्राच्या तोंडावर कागदपत्रांत महिने जाऊ शकतात. नाव नोंदवण्याचा फॉर्म साधा आहे. तो खाते उघडतानाच भरावा. उत्तराधिकारी म्हणून मुलाचे किंवा मुलीचे नाव घातल्यास त्यानंतर ते फाफ्सामध्ये पालकांची मालमत्ता ठरेल, हे माहीत असावे.

पुण्या-मुंबईत राहणारे आजी-आजोबा अमेरिकेतल्या नातवासाठी खाते उघडू शकतात का?

सहसा नाही. मालकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा करदाता ओळख क्रमांक आणि अमेरिकेतील पत्ता असावा, अशी योजनांची अट असते. त्यांनी मुलाला किंवा मुलीला भेट पाठवावी आणि खाते आई-वडिलांनी उघडावे. भारतातून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षाला १० लाख रुपयांवरील भेटीवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापते, जो नंतर आपल्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. अमेरिकेत अशा भेटी एका वर्षात १,००,००० डॉलरच्या वर गेल्यास घेणाऱ्याने परदेशी भेटींची माहिती देणारा फॉर्म ३५२० भरला पाहिजे. कर लागत नसला तरी फॉर्म न भरल्याचा दंड २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

अमेरिकेत खाते उघडून नंतर भारतात कायमचे परतलेल्या आजी-आजोबांनी काय करावे?

परतण्यापूर्वीच निर्णय घ्यावा. भारतातील आयकर कायद्यात ५२९ खात्याला अमेरिकेसारखी करमुक्तता दिलेली नाही. परदेशातील निवृत्तिखात्यांसाठी असलेली दिलासा देणारी तरतूद या खात्याला लागू होत नाही. भारतात पूर्ण निवासी ठरल्यावर हे खाते विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून जाहीर करावे लागते आणि त्यावरील उत्पन्नावर कराचा प्रश्न उभा राहतो. परतल्यानंतर पहिली काही वर्षे बहुतेकांना 'निवासी, पण सामान्यतः निवासी नव्हे' असा दर्जा मिळतो. त्या काळात सहसा हा बोजा पडत नाही. नातवंड तेवढ्या काळात कॉलेज संपवणार असेल, तर खाते आपल्या नावावर ठेवायला हरकत नाही. नातवंड अजून प्राथमिक शाळेत असेल, तर निघण्याआधी योजनेला विचारून मालकी अमेरिकेत राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवणे श्रेयस्कर. काही योजना हयात मालकाकडून मालकी बदलू देत नाहीत आणि काही योजना परदेशी पत्त्यावर खाते चालवण्यास अडचण करतात, त्यामुळे ही चौकशी सामान बांधण्याच्या कित्येक महिने आधी करावी आणि दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सल्लागाराकडून लेखी मत घ्यावे.